दारापुढच्या काँक्रीटबाबत ताइमी हाउटामाकी हिचे मृत्युपत्र

मी, ताइमी हाउटामाकी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार पेल्टोला, हाउटन काउंटी, मिशिगन, आज सोमवारी असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हा मजकूर मला कोणी धाक दाखवून किंवा गोड बोलून लिहायला लावलेला नाही. माझ्याशी गोड बोलणारे माणूस या घरात एकच आहे आणि गेल्या वर्षापासून त्याला धड बोलता येत नाही. गुरुवारी शहरातल्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर फार हसून बोलतात, म्हणून हे आजच उरकत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर, गॅरेज, मागची सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, आणि सर्पणाची शेड मी माझी मुलगी मार्लिस हिला देते. अट अशी की माझा नवरा ऊर्हो हयात आहे तोवर त्याला या घरातून हलवू नये. त्याचा पलंग स्वयंपाकघराच्या खिडकीशीच राहील.

ही अट पाळायची तर दारापुढचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यावरून गाडी दारापर्यंत येते ती वाट, धड हवा. वकीलबाई रोझान डिओन विचारतात, मृत्युपत्रात काँक्रीट कशाला? तर ते असे. ऊर्होची उजवी बाजू पक्षाघाताने गेली आहे, तो चाकाच्या खुर्चीत असतो, आणि आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यायला लिफ्टवाली व्हॅन येते. गेल्या फेब्रुवारीत दारातून व्हॅनकडे नेताना खुर्चीचे पुढचे चाक काँक्रीटच्या फुगून वर आलेल्या कडेला अडले आणि तो तोंडावर आपटला. मार्लिसने त्याला उचलले तेव्हा नाकातून रक्त येत होते आणि तो अर्ध्या जिभेने म्हणत होता, "ताइमी, ऊन काय छान पडलंय." व्हॅनवाल्यांनी तेव्हाच बजावले की दारापर्यंत पक्की, सपाट वाट नसेल तर पुढच्या हिवाळ्यात आम्ही येणार नाही. व्हॅन नाही म्हणजे डायलिसिस नाही, आणि मग त्याला शहरातल्या वृद्धांच्या होममध्ये ठेवावे लागेल. म्हणून जुने काँक्रीट फोडून काढले आहे आणि नवे उद्या, मंगळवारी, ओतायचे आहे.

कलम २. माझ्या बचतीतून पहिला खर्च या ड्राइव्हवेचा. उरेल ते मार्लिसचे. उद्या काही अडले आणि गुरुवारी मी परत आले नाही, तर काम पुढीलप्रमाणेच व्हावे, कोणाच्याही डोक्याप्रमाणे नाही. मी तीस वर्षे या गावात शाळेची बस चालवली. प्रत्येकाचा ड्राइव्हवे मी सप्टेंबरात पाहिला आहे आणि एप्रिलमध्येही पाहिला आहे. कोणाचे घर कसे चालते ते मला तिथूनच कळायचे.

खालची चिकणमाती पूर्ण काढावी. ती पाणी धरून ठेवते, पाणी गोठले की फुगते आणि वरचे काँक्रीट उचलते. तिच्या जागी फोडलेली खडी, थराथराने दाबून. ती झाली आहे, मी स्वतः वर चालून पाहिली. उतार गॅरेजकडून रस्त्याच्या चराकडे असावा. काँक्रीट सहा इंच, आणि मिश्रणात मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे धरलेले असावेत, म्हणजे आत मुरलेल्या पाण्याला गोठताना पसरायला जागा मिळते. गॅरेजच्या पायाला ते चिकटवू नये, मध्ये पट्टी घालावी. ठरल्या अंतरावर काप द्यावेत. काँक्रीट तडकणारच, ते आपण सांगू तिथे तडकावे. पृष्ठभागावर झाडू ओढून खरखरीत ठेवावा. गोठलेल्या जमिनीवर कोणत्याही परिस्थितीत ओतू नये.

कलम ३. माझा दीर वेइक्को याला मी काहीही देत नाही. म्हणूनच त्याला साक्षीदार केले आहे. ज्याला काही मिळायचे नाही त्याने सही करावी असे वकीलबाई म्हणाल्या, आणि इतका योग्य माणूस मला दुसरा सापडला नाही.

आधीचा ड्राइव्हवे त्यानेच ओतला होता. चिकणमाती तशीच ठेवली, आणि वर सारखी पाण्याची नळी मारत बसला. मी ओरडत होते, नळी बंद कर. "वहिनी, असा गुळगुळीत करतो की तोंड बघून केस विंचराल!" गुळगुळीत झाला खरा. दुसऱ्या हिवाळ्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटले, चौथ्यात तो फुगला, आणि त्याच जागी माझा नवरा पडला. वेइक्को मनाने वाईट नाही. बर्फ पडला की न सांगता येतो, आमची वाट मोकळी करतो आणि मुठी भरभरून मीठ फेकतो. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मिठाचा एक कणही पडता कामा नये. वाळू टाकावी. त्याची मिठाची बादली त्याच्या ट्रकमध्येच राहावी, आणि नळीला त्याने कधीही हात लावू नये.

कलम ४. तलावाकाठची जमीन आणि होडी माझा मुलगा डग याची. तो ॲरिझोनात राहतो, तेव्हा होडीचे काय करायचे ते त्याने बघावे. काल त्याचा फोन आला होता.

"आई, बाबांना होममध्येच ठेव ना. तिथे सगळं गरम असतं, जमीन सपाट असते. तू बस चालवायचीस, तू काही इंजिनिअर नाहीस."

"तुझ्याकडे पाणी गोठतं का रे?"

"इथे? नाही."

"मग गप्प बस."

याबद्दल मला खेद नाही.

मंगळवार. काल इथवर लिहिले. नंतर पाऊस पडला, मग आभाळ निवळले आणि थंडी उतरली. सकाळी पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्यात बर्फ होता. मी पहार घेऊन बाहेर गेले आणि खडीत मारली. पहार शिरली नाही, हाताला झिणझिण्या आल्या. पावसाचे पाणी खडीत उतरून तिथेच गोठले होते. काँक्रीटवाला गॅरी मिक्सरचा ट्रक घेऊन यायचा होता, आणि उद्यापासून तो या वर्षापुरते काम बंद करणार होता. आठवडाभर अशीच थंडी राहणार असे रेडिओवर सांगत होते.

"ऊन पडेल अजून," मार्लिस म्हणाली. तिने स्वेटर उलटा घातला होता.

"वरचं वितळेल. खालचं?"

वेइक्को आलाच होता. "वहिनी, माझ्याकडे हीटर आहे, ताडपत्र्या आहेत. मिश्रण गरम मागवू, वर घोंगड्या टाकू. खाली काय आहे ते कोण बघतंय!"

"एप्रिल बघेल."

गॅरी मिक्सरमधून उतरला, बुटाने खडी ठोकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तुम्ही हो म्हणालात तर ओततो. हमी मात्र देणार नाही."

"मग मिक्सर घेऊन आलास कशाला?"

"तुमचं गुरुवारचं कळलं म्हणून."

मिक्सरचे पिंप फिरत होते. मिश्रण काही दिवसभर थांबत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. आज ओतले तर व्हॅन येईल आणि हिवाळाभर ऊर्हो घरी राहील. पुढे खालचा बर्फ वितळला की काँक्रीट खचेल, कडा वर येतील, आणि तेव्हा त्याची खुर्ची ढकलायला कदाचित मार्लिस एकटीच असेल.

"तू गुरुवारी गेलीस तर?" मार्लिस सगळ्यांसमोर ओरडली. "तर बाबा तिकडे परक्यांत, मी इकडे एकटी! त्यांना हलवू नका असं तूच लिहिलंयस ना? आता तूच त्यांना घराबाहेर काढतेस!"

मी घाबरले होते, हे लिहून ठेवते. ऑपरेशनला मी इतकी घाबरले नव्हते. त्या होममध्ये त्याची अर्धी वाक्ये कोणाला कळणार, आणि मी गेल्याचे त्याला तिथल्या कोणा अनोळखी माणसाने सांगितले तर, एवढेच माझ्या डोक्यात फिरत होते. ओत, असे मी म्हणणारच होते. मग लक्षात आले की आम्ही सगळे अंगणात भांडतो आहोत आणि ज्याला जायचे आहे त्याला कोणी विचारलेलेच नाही.

तो खिडकीशी बसून वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होता. मी त्याच्यासमोर बसले.

"ऊर्हो, खडी गोठलीय. ओतू का?"

तो बाहेर मिक्सरकडे बघत राहिला. "खालपर्यंत?"

"खालपर्यंत."

"मग नको." पाव कॉफीत तसाच सोडून त्याने विचारले, "होम?"

"हो. मेपर्यंत. मेमध्ये ओतू आणि तुला घरी आणू."

पाव कॉफीत विरघळून गेला होता. तो चमच्याने शोधत होता. "मी थांबतो," तो म्हणाला. मग चमचा ठेवून डाव्या हाताने माझी बाही धरली. "तू पण."

मी बाहेर जाऊन गॅरीला मिक्सर परत न्यायला सांगितले. मार्लिस सॉनात जाऊन दार लावून बसली. वेइक्कोने हात हलवून गॅरीला मिक्सर मागे घ्यायची वाट दाखवली.

कलम ५. कलम १ मधील हलवू नये ही अट मी माझ्या हाताने खोडली आहे व शेजारी सही केली आहे. मार्लिस वडिलांना होममध्ये नेईल. हा निर्णय माझा आणि ऊर्होचा आहे, यासाठी तिला कोणी एक शब्दही बोलू नये, डगने तर नाहीच. मे महिन्यात जमीन पूर्ण मोकळी झाली की कलम २ प्रमाणे ड्राइव्हवे ओतावा आणि ऊर्होला घरी आणावे. मी असले तरी आणि नसले तरी.

कलम ६. गुरुवारी मी परत आले नाही तर ऊर्होला फोनवर सांगू नये, होममधल्या कोणी सांगू नये. वेइक्कोने स्वतः जावे, भावाशेजारी बसावे आणि फिनिश भाषेत सांगावे, त्या दोघांची आई बोलायची तसे. त्यानंतर लगेच उठून जाऊ नये. हे काम मी दुसऱ्या कोणावर सोपवणार नाही.

कलम ७. ऊर्होने मला थांबायला सांगितले आहे आणि मी हो म्हटले आहे. वकीलबाई म्हणतात, हे इथे बसत नाही, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते, हा मजकूर काढून टाका. मी काढलेला नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

(सही) ताइमी हाउटामाकी

साक्षीदार:
(सही) रोझान डिओन, वकील
(सही) वेइक्को हाउटामाकी, दीर. कलम ६ वाचले. जाईन.

स्थळ: पेल्टोला, मिशिगन
दिनांक: ३१ ऑक्टोबर २०२३