सावळीरामांच्या घरचा न घेतलेला चहा

तीर्थस्वरूप चंद्रभागा अक्कास, धाकट्या जयरामचा नाशिकहून वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. (अक्षर बघ, हात अजिबात थरथरत नाही. चहा सोडल्याचा हा फायदा.)

अंबडच्या कारखान्यात मी एका पाळीत बारा कप रिचवायचो, हे तुला ठाऊकच आहे. महिन्यापूर्वी छातीत धडधडायला लागलं म्हणून तुझी भावजय लता मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी चहातल्या कॅफीनचं नाव काढलं आणि मी तिथल्या तिथे चहा सोडून उठलोसुद्धा. (आपल्या घराण्यात निर्णयाला वेळ लागत नाही.) पहिले तीन दिवस डोकं असं ठणकलं की लताने कपाळाला सुंठ उगाळून लावली. चौथ्या दिवशी मोकळा झालो आणि खात्यातल्या अकरा जणांना चहाचे तोटे समजावले. आता ते माझ्यासोबत डबा खात नाहीत, पण खरं बोलणाऱ्याला एवढं सोसावंच लागतं.

अशा उत्तम तब्येतीत मी गेल्या रविवारी तुमच्या लासलगावला, तू स्नेहलसाठी सुचवलेलं स्थळ बघायला आलो. घर चांगलं, माणसं चांगली, आणि सोमनाथ तर आमच्या पोरीला आधीच आवडलेला. त्याच्या वडिलांनी, सावळीरामांनी, स्वतः कप पुढे केला आणि मी कपावर हात ठेवला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण कांद्याचा व्यापारी माणूस, दिवसभर लिलावात घसा फोडणार, वर चहा. मला त्यांची काळजी वाटली. म्हणून कॅफीन, रक्तदाब आणि झोप यांवर वीस मिनिटं बोललो. सगळे इतके गप्प बसून ऐकत होते की मला वाटलं, पटतंय. (पोहे आले नाहीत तेव्हा म्हटलं, गॅस संपला असेल.)

घर बघायला गेलेल्या मुलीकडच्यांनी चहाला तोंड लावलं नाही म्हणजे स्थळ नापसंत, ही आपल्याकडची रीत. मी स्वतः मोठ्या पुतणीच्या वेळी दोन घरांतून असाच उठून आलोय. आणि नेमका त्या दिवशी विसरलो. सोमनाथची आई सिंधुबाई आत जाऊन एवढंच म्हणाल्या म्हणे, "चहा घेतला नाय, म्हंजी घर पसंत नाय." परतताना स्नेहल एसटीच्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. निफाड गेल्यावर म्हणाली, "पप्पा, अर्ध्या कपानं काय झालं असतं?" तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मला फार वाईट वाटतं, अक्का. तब्येत मात्र उत्तम आहे.

दाजींना नमस्कार, नातवंडांच्या पाठीवर हात.

तुझा निर्व्यसनी भाऊ,
जयराम

ता. क. : एक छोटं काम होतं. सावळीरामांकडे जा आणि घर आम्हाला पसंत आहे असं सांगून दोन कप चहा घे. एक तुझा, एक माझ्या नावचा.

आणखी ता. क. : पाकीट बंद करायच्या आधी लताने पत्र वाचलं. ती म्हणते, डॉक्टरांनी बारावरून दोनवर या, असं सांगितलं होतं. मी पहिल्याच वाक्याला उठलो, पुढचं तिने एकटीने ऐकलं. (महिनाभर बोलली का नाहीस, म्हणून विचारलं. म्हणाली, तुम्ही बोलायचं थांबलात कधी?) तेव्हा तू जाऊ नकोस, मीच रविवारी येतो. दोन्ही कप सावळीरामांच्याच घरी घेईन, आणि सिंधुबाईंनी आग्रह केला तर तिसराही. सोमनाथच्या कानावर घाल. स्नेहल आत्ता येऊन गेली. पहिली एसटी पावणेसहाची आहे, एवढंच म्हणाली.