लिंचपिन

३ मार्च
बायकोच्या बदलीला आज आठ महिने झाले. ती नर्स. लेकीला घेऊन दुसऱ्या शहरात. मी इथे, कंपनीच्या तळघरात, आवक-जावक विभागात. खिडकी नाही. तिकडच्या शाखेत एक जागा निघालीय. बायकोचं म्हणणं, बायको-मुलगी तिकडे आहेत एवढंच लिहा. इतका साधा अर्ज वाचणार कोण? आजपासून इंग्रजी पेपरातलं बिझनेसचं पान. रोज पाच नवे शब्द.

४ मार्च
सिनर्जी, ॲट्रिशन, बँडविड्थ (म्हणजे सवड). तीनच झाले. पण पक्के.

९ मार्च
शिपायाला म्हटलं, आत्ता चहाला बँडविड्थ नाही. तेव्हापासून तो चहाच आणत नाही. लोकांचं वाचन कमी.

१५ मार्च
अर्जाचा तिसरा खर्डा. शेजारच्या टेबलावरचा मौनीबुवाही अर्ज करतोय. दोन ओळी, त्यातही एक स्पेलिंग चुकलेलं. कीव आली.

१७ मार्च, दुपारी
हिरा सापडला. लिंचपिन! ज्याच्यावाचून कंपनीचं पान हलत नाही, असा माणूस. म्हणजे मीच की. अर्जात तीनदा घातला. बायकोला फोनवर वाचून दाखवला. तिने विचारलं, "यात आम्ही कुठे आहोत?" तुम्ही बिट्वीन द लाइन्स आहात, म्हटलं.

२ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. माझ्या इंग्रजीचं तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय, तुमच्यावाचून विभाग कोलमडेल. मग तुम्हाला सोडू कसा?"
बदली मौनीबुवाची झाली. त्याच्या अर्जात एवढंच होतं, की आई तिकडे एकटी असते.
माझंही घर तिकडेच आहे, असं सांगायला तोंड उघडलं. बाहेर पडलं, "नोटेड, सर."

३ एप्रिल
मौनीबुवाचं काम माझ्याकडे आलं. दोन टेबलं. एका अर्थी प्रमोशनच. पगार तोच.

५ एप्रिल
बायकोला फोन केला. म्हटलं, प्रकरण पाइपलाइनमध्ये आहे. तिने फोन लेकीला दिला. "बाबा, तुझ्यासाठी रिकामं ठेवलेल्या कपाटात मी माझी पुस्तकं लावू?"
लाव, म्हटलं.