पंखा फिरत होता

प्रिय रजत,

फोनवर तू घाईत असतोस आणि मी चिडलेली असते, म्हणून लिहिते आहे. पाकिटात एक छोटी प्लास्टिकची पिशवी आहे. ती लगेच उघडू नकोस. आधी पत्र वाच.

तुझ्या बाबांचा कॉम्प्युटर नीट झाला. खेळ चालू असताना आता तो बंद पडत नाही. मी केला नीट, घरी बसून, आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. ताटावर बसले की किळस येते. ती कशाची, ते मला शेवटपर्यंत सांगू दे.

तू तो दोन वर्षांपूर्वी आणलास, सोबत खेळातली गाडी वळवायचं ते गोल चाकही. बाबांना शेतात जाणं जमत नव्हतं. फाटकापर्यंत गेले तरी दम लागून भिंत धरून उभे राहायचे. पण ते चाक हातात आलं की परक्या देशात, बर्फातून, मोठाले ट्रक हाकायचे. ज्या माणसानं जन्मात बैलगाडी आणि जुनी स्कूटर सोडून काही चालवलं नाही, तो मला म्हणायचा, बस बाजूला, तुला समुद्र दाखवतो. मी बसायची. डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या सांगायची, जसं काही माझं माहेरच त्या रस्त्याला होतं. तसे चांगले दिवस आम्हाला आधीही कमीच मिळाले होते.

दिवाळीनंतर तो बंद पडायला लागला. ट्रक चढावर आला की पडदा काळा. बाबा हसायचे, म्हणायचे, बसली गाडी, आणि मग ते हसू खोकल्यात जायचं. तुझी बहीण सुरभी म्हणाली व्हायरस असेल. तू तिकडून व्हिडिओवर मला कुठं कुठं बोट ठेवायला लावलंस, चित्र बारीक करायला सांगितलंस, सगळं पुसून नव्यानं भरायला लावलंस. वामनकाका म्हणाले उंदरानं वायर खाल्ली. मारेगावहून दुरुस्तीवाला अफरोज आला. त्यानं विजेचा दाब तपासला, स्टॅबिलायझर बसवून दिला, वीज पुरवणारा आतला डबाही बदलला. झाकण उघडून वरवर हवाही मारली. मी विचारलं, पंखा बिघडला का? त्यानं मला आत बघायला लावलं. पंखा फिरत होता. चांगला फिरतो, म्हणाला, मग त्याचा काय दोष?

एका यंत्रासाठी इतकी माणसं, रजत. आणि त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी बसलेल्या माणसाची छातीही वरखाली होत होती, म्हणून सगळ्यांना वाटलं चांगलं चाललं आहे.

यवतमाळच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. यांना धुळीपासून लांब ठेवा. तूही तेव्हा हजर होतास. मग आपण काय केलं ते आठव. त्यांची खाट ओट्यावरून उचलली, कारण समोरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर जातात, धूळ उडते. चुलीवरचा स्वयंपाक बंद केला. अंगणात सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. आणि खाट कुठं नेली? आतल्या मोठ्या खोलीत, जिथं भाव येईपर्यंत वामनकाकांचा कापूस छतापर्यंत भरलेला असतो. दार-खिडकी लावून घेतली. वर काका म्हणाले, बरं झालं, कापसावर दादाचं ध्यानही राहील. मी एकदा विचारलं होतं, की हा कापूस चालेल का इथं. त्यावर काका हसले. "कापूस काय धूळ होय काय, वहिनी? लक्ष्मी हाय ते." तिथं बसलेले सगळे हसले. बाबाही.

ती लक्ष्मी होळीपर्यंत आमच्यासोबत राहायची. अंगाला खाज सुटायची, रात्री ढिगात उंदरांची पिल्लं चिरचिरायची. चहावर तुसं तरंगायची, ती मी बोटानं काढायची. वाचनालयातलं पुस्तक त्यांना वाचून दाखवताना पान उलटलं की आधी फुंकर मारावी लागायची. बाबा सकाळी जे थुंकायचे, त्यात करडे धागे असायचे. ते मी मातीखाली झाकायची. याची किळस मला तेव्हा आली नाही. आपल्या माणसाची येत नाही.

शिमग्याच्या आधी ते गेले. लोक भेटायला आले, तेही कापसाच्या ढिगाला टेकून बसले. उठताना पाठीला कापूस लागला होता, तो झटकत झटकत माझं सांत्वन करून गेले.

परवा मी कॉम्प्युटरवरची चादर काढली. बाबांचा ट्रक अर्ध्या वाटेत एका पेट्रोल पंपावर उभा होता, माल पोचायचा राहिला होता. मला तो पोचवायचा होता, बस. थोडं अंतर गेले आणि पडदा काळा. पेटीला हात लावला तर तव्यासारखी तापलेली. मागे हात धरला तर वारा नाहीच. चुलीसमोर आयुष्य गेलेल्या बाईला एवढं कळतं, की आत जाळ आहे आणि बाहेर काही येत नाही, तेव्हा धुराडं बुजलेलं असतं. वायर काढून ठेवली, शिलाई मशीनचा पेचकस घेतला आणि तो फिरणारा पंखाच उचलून बाजूला केला. त्याच्याखाली पातळ पत्र्यांची एक जाळी असते, आतली आग तिच्यातून बाहेर पडते. ती जाळी मला दिसेचना. तिच्यावर एक गादी बसली होती. करडी, ओलसर वासाची, बोटभर जाड. ओढली तर सबंध निघाली, मेलेल्या उंदराच्या कातड्यासारखी. मी न्हाणीत जाऊन ओकले.

मग बाबांच्या दाढीच्या ब्रशनं जाळी साफ केली, पंखा बसवला, ट्रक सुरू केला. चार ठिकाणी धडकले, पण माल पोचवला. यंत्र एकदाही थांबलं नाही. एवढंच काम होतं, रजत. एक पेचकस आणि एक ब्रश. कोणी फक्त पंखा उचलून खाली बघायचं होतं.

खोली मी रिकामी करून धुतली. तसबिरींच्या मागून, मच्छरदाणीतून, दिव्याच्या होल्डरमधूनसुद्धा कापूस निघाला. यंदाची वेचणी सुरू झाली आहे. काल वामनकाका आले, म्हणाले ट्रॉली येते, खोली उघडी ठेवा. मी नाही म्हटलं. "एकट्या बाईले कितीक जागा लागते, वहिनी? अन् रजतले इचारलं मी. तो हो म्हणला." मी त्यांना सांगितलं, "रजत इथं झोपत नाही." दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. हे पत्र त्या तुझ्या 'हो'साठी आहे. तू तो सहज दिला असशील, काकांचा मान म्हणून, माझा विचारही न करता. आता ती पिशवी उघड. हातात घे, वास घे. बाकी सगळं फोनवर पाठवता येतं, हे येत नाही. मग काकांना पुन्हा फोन कर आणि काय सांगायचं ते तूच ठरव. माझं कुलूप तुझ्या उत्तरावर उघडणार नाही, पण तुझं उत्तर मला कळायला हवं. आणि एक. पिशवीतल्या त्या गादीत मधे मधे आखूड पांढरे केस आहेत. बाबा त्या टेबलाशी बसून भांग पाडायचे. ते मी वेगळे काढले नाहीत. काढताच आले नाहीत.

तुझीच,
आई