पोटफोड्या ष

जवळा बाजार
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. आकांक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. पद्माबाई परवा बाजाराला शिरड शहापूरहून आल्या होत्या. औषधाच्या चिठ्ठीमागे तुझा नांदेडचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाल्या, "लिवा मॅडम. पण तिला रडू यील असं काई लिवू नका." मी कबूल केलं. तेव्हा हे पत्र हसऱ्या चेहऱ्याने लिहिलंय असं समजून वाच.

इकडे सर्व ठीक. मी जूनमध्ये कॉलेजातून निवृत्त झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जिला आता कुठेच वेळेवर जायचं नाही तिला घड्याळ कशाला, हे विचारायचं राहून गेलं. आमच्या यांचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याहून जास्त हे स्वतः कुरकुरतात. सोयाबीन निघालं, कापूस फुटलाय, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नाही.

तू रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करतेस असं आई म्हणाली. मला हसू आलं. कबड्डीच्या सरावात कुणाचा गुडघा फुटला तर डोळे गच्च मिटून घेणारी तूच ना? माणूस कुठून कुठे जातं.

निकाल लागून दहा दिवस झाले. अद्वैत आणि त्याच्यासोबतचे दोघे, तिघेही सुटले. तीन वर्षांपूर्वी कबड्डीच्या स्पर्धेच्या गावी जे झालं म्हणून तू फिर्याद दिलीस, त्याचा असा शेवट झाला. पेपरात तुझं नाव छापलं नाही, कायदाच आहे तसा. गावात छापायची गरजच नव्हती.

मिरवणूक निघाली. डीजे होता, जेसीबीच्या फावड्यातून झेंडूची फुलं उधळली. पोरांच्या गळ्यात इतके हार की मान दिसेना. लोकांचं म्हणशील तर लोक जसे असतात तसेच. "पोरायची तीन वर्सं मातीत गेली, भरती हुकली," असं म्हणणारे पुष्कळ. "कोर्टानं सांगितलं ना, मंग?" असं म्हणून विषय मिटवणारे त्याहून पुष्कळ. काही बायका मात्र मिरवणूक आली तशा दार लोटून आत गेल्या. पण दार लोटल्याचा आवाज डीजेपुढे कुणाला ऐकू येणार!

एक गंमत सांगते. फ्लेक्सवाला वैजनाथ माझा जुना विद्यार्थी. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मोबाईल घेऊन घरी आला. "मॅडम, सुद्द हाय का बघा. मागच्या टायमाला तुमी भर रस्त्यात माजी इज्जत काढली." बघते तर पोरांच्या फोटोंखाली वीतभर अक्षरांत 'निर्दोश'. शहामृगातला श! मी म्हटलं, अरे गाढवा, पोटफोड्या ष. त्याने तिथंच बसून दुरुस्त केलं. बस स्टँडवर लागलेल्या फ्लेक्सवर आता एकही चूक नाही. तेहतीस वर्षं मराठी शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग.

कॉलेजात यंदा मुलींचा संघ होईल असं दिसत नाही. सात जणी लागतात, तिघींची नावं आली. पालकांचं आपलं काही ना काही असतं.

अद्वैत घरी येऊन गेला. पेढे आणले होते, पाया पडला, पाच मिनिटं बसला.

वरच्या कोर्टात अपील करायचं की नाही, यावर तुझ्या आईवडिलांचं एकमत नाही असं कळलं. नव्वद दिवसांची मुदत म्हणतात. शेषराव म्हणे आता पुरे म्हणतात. मी काय सांगणार? निकालपत्र मी काही वाचलेलं नाही. पण तू हुशार आहेस, तुझं वय आहे, पुढचं बघ. झालं गेलं गंगेला मिळालं, असं आपल्याकडे म्हणतात.

शेषरावांना व पद्माबाईंना माझा सप्रेम जयभीम कळव.

तुझी,
शिरडकर मॅडम

ता.क. थंडी वाढली आहे. सकाळी गरम पाण्यानेच अंघोळ करत जा.



जवळा बाजार
दि. २८ नोव्हेंबर २०२५

आकांक्षा,

या वेळी आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमन प्रेमसिंगने हातात दिलं आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "मॅडम, मी वाचलं न्हाई बरं का." म्हणजे वाचलं. वाचायला तरी किती होतं? एक ओळ. 'मॅडम, त्या दिवशी मी अंघोळ कोणाच्या सांगण्यावरून केली?' खाली नाव नाही.

माझ्या सांगण्यावरून.

एवढे दोन शब्द लिहायला मला नऊ दिवस लागले. त्यातले चार दिवस तुझ्यावर रागावण्यात गेले. उघड्या कार्डावर कशाला लिहिलं, पाकीट मिळत नव्हतं का, असा राग. मग कळलं, मी आधीच्या पत्राच्या तळाशी अंघोळीचा विषय स्वतःच काढला होता. मनातल्या मनात दाबून ठेवलेलं माणूस ता.क. मध्ये बोलून जातं. तुला ते वाचून काय वाटलं असेल, याचा विचार मी करू शकत नाही. करते, पण पुरा करू शकत नाही.

आता जे झालं ते लिहिते. मागच्या पत्रात 'जे झालं म्हणून तू फिर्याद दिलीस' असं लिहिलं होतं. मराठीची बाई आहे, अशा पळवाटा वाक्यात कशा बसवायच्या ते मला चांगलं येतं.

दुपारी मुलांचा अंतिम सामना होता. आम्ही सगळे मैदानावर. तुझा घोटा मुरगळला होता म्हणून तू आपल्याला उतरायला दिलेल्या शाळेच्या खोलीवर एकटी थांबलीस. तुला एकटी ठेवून मी सामना बघायला गेले, मुलींची व्यवस्थापक असून. अद्वैतने शेवटच्या चढाईत तीन गडी मारले होते, त्याची पाठ थोपटायला मिळावी म्हणून बक्षीस समारंभालाही थांबले. तेवढ्यात तो आणि ते दोघे तिथून कधी नाहीसे झाले, ते माझ्या ध्यानात आलं नाही. पाचच्या सुमाराला खोलीवर आले तर तू वह्यांच्या गठ्ठ्यांमागे बसलेली. तू मला सगळं सांगितलंस. नावं सांगितलीस, तिघांची.

आणि मी म्हटलं, "आधी ऊठ. अंघोळ कर, बरं वाटेल." स्वयंपाकवाल्याच्या चुलीवरून बादलीभर गरम पाणी मी स्वतः उचलून आणलं. तू न्हाणीत होतीस तेवढ्यात तुझे कपडे मीच साबणाच्या पाण्यात घातले. घासलेसुद्धा.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं. आमच्या घरात जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एकच औषध. कुणी गेलं, अंघोळ. ग्रहण सुटलं, अंघोळ. मसणवट्यातून आले, अंघोळ. काही शिवलं, अंघोळ. कोणाकोणाचं शिवलेलं आमच्या लोकांनी असं धुऊन काढलं, ते तुमच्या घरात मी सांगायला नको. आईने मला शिकवलं, मी विचार न करता तुला शिकवलं. माया म्हणून केलं ग, आणि तेवढ्यात सगळा पुरावा मोरीतून वाहून गेला.

ती चूक होती. पुढचं जे आहे त्याला चूक म्हणता येत नाही.

चौथ्या दिवशी तू फिर्याद दिलीस, तोवर मला कुणीतरी सांगितलं होतं की कपडे धुणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. मी घाबरले. पोलीस जबाबाला आले तेव्हा म्हटलं, "तिचं डोकं दुखत होतं, एवढंच म्हणाली." मग संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. अद्वैत त्यांचा पुतण्या, तुला माहीत आहे. दमदाटी काही केली नाही. चहा दिला. "मॅडम, तुमी सांगितलं तेच बराबर हाय. तेवढ्यावरच ऱ्हावा." मी तेवढ्यावरच राहिले. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती.

कोर्टात तुला उलटं विचारलं, अंघोळ का केलीस, कपडे का धुतलेस. तू म्हणालीस, मॅडमनी सांगितलं म्हणून. पुढच्या तारखेला मी उभी राहिले. तू समोरच्या बाकावर पद्माबाईंचा हात धरून बसली होतीस. मी म्हटलं, "अंघोळीचं मला काही आठवत नाही."

निकालपत्र वाचलेलं नाही हे खोटं होतं. मोबाईलवर तीनदा वाचलं. एकोणिसाव्या परिच्छेदात आहे की फिर्यादीचं म्हणणं तिच्या स्वतःच्या प्राध्यापिकेनेच नाकारलं, त्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही. आणि शेवटी, संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे. एवढा मजकूर फ्लेक्सवर कुठे मावणार? वैजनाथने एका शब्दात आटोपलं आणि मी तो शब्द शुद्ध करून दिला. त्या एका अक्षराची मला लाज वाटली, अख्ख्या शब्दाची वाटली नाही. रोज बस स्टँडवरून जाताना तो पोटफोड्या ष मला दिसतो.

अद्वैत पेढे घेऊन आला तेव्हा काय म्हणाला, तेही लपवलं होतं. पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी व्हत्या म्हणून सुटलो आमी." माझ्या तोंडून सवयीने गेलं, "आयुष्मान भव." खटल्याबद्दल त्याने दुसरा शब्द काढला नाही. काढायची गरजही नव्हती, एकमेकांना ओळखणारे दोघे बसलो होतो.

आणि मुलींचा संघ. 'पालकांचं काही ना काही असतं' असं मी लिहिलं ना? आमच्या गल्लीतली दीपा चांगली खेळते. संघासोबत बाई माणूस पाहिजे म्हणून कॉलेजने निवृत्त झाल्यावरही मलाच विचारलं, म्हणून मी तिच्या आईकडे गेले. शीला दारातच म्हणाली, "मॅडम सोबत हायेत म्हणून काय झालं? शेषरावच्या लेकीसोबतबी मॅडमच व्हत्या की." मी खाली मान घालून परत आले. तुला लिहिताना त्या बाईला 'पालक' म्हणून टाकलं.

तुझं कार्ड आल्यावर आधी यांना सांगितलं. हे पेपरातून मान न काढताच म्हणाले, "उशीर झाला." उशीर झाला म्हणून करू नको, की उशीर झाला तरी कर, ते मी विचारलं नाही. मंगळवारी वसमतला गेले आणि इथल्या कुणाच्या ओळखीतला नसलेला वकील गाठला. त्यांना वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. त्यांनी मला दोनदा समजावलं की यात माझ्यावरच खोट्या साक्षीचा खटला होऊ शकतो. वरचं कोर्ट इतक्या उशिरा आलेला असा कागद मानेलच, याचीही खात्री नाही. मी म्हटलं, टाईप करा. शपथपत्र झालं, सही झाली, शिक्का बसला.

घरी यायच्या आधी शीलाच्या दारात थांबले. गावात पहिलं तिला सांगावं असं वाटलं. उभ्याउभ्याच सांगितलं, मी कोर्टात खोटं बोलले. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "आमाला ठाऊक व्हतं, मॅडम. समद्यालेच ठाऊक हाय." आकांक्षा, मिरवणुकीत नाचणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मी तीन वर्षं कुणापासून लपवत होते, कोण जाणे.

शपथपत्राचा मूळ कागद सोबत पाठवते आहे, रजिस्टर पोस्टाने. माझ्याजवळ झेरॉक्स ठेवली आहे. मूळ इथे ठेवलं तर एखाद्या सकाळी मी ते फाडीन, मला माझा भरवसा राहिलेला नाही. तुझ्या हातात ते सुरक्षित राहील.

मुदत अजून दोन महिने आहे. अपील कर किंवा करू नको. ते सगळं पुन्हा लोकांपुढे उकरायचं नसेल, तर तसं ठरवण्याचा तुला पुरेपूर हक्क आहे. मला मोकळं वाटावं म्हणून तर मुळीच करू नको. केलंस तर ज्या तारखेला म्हणशील त्या तारखेला मी येऊन उभी राहीन. शेषरावांना माझं तोंड बघवणार नाही, तर बाहेर व्हरांड्यात बसेन.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही याचं ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर यायचं.

कोर्टात सरकारी वकिलांनी मला एक प्रश्न विचारला होता, 'मुलीने तुम्हाला त्याच दिवशी काही सांगितले होते काय?' त्याचं खरं उत्तर द्यायचं राहिलं आहे.

होय. तिने सगळं सांगितलं होतं. मी ते ऐकलं, आणि ते खरं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं.

अनुसूया विश्वंभर शिरडकर
वय साठ वर्षे, निवृत्त प्राध्यापिका
राहणार जवळा बाजार