आठ एप्रिलची रजा

८ जानेवारी, सोमवार

विम्याचं नवं पाकीट आलं. आत दोन तक्ते. एक म्हणतो, कामाबाहेर आजारी पडलात, हातपाय मोडले, तर पगाराचा काही भाग मिळेल. दुसरा म्हणतो, घरचं माणूस आजारी असेल तर पगारी रजा. पाकिटामागोमाग विमावाल्या विनीचा फोन आलाच.

"फिलोमेना, दिसेल अशा जागी लाव हं. गेल्या वर्षीसारखे फ्रीजमागे नकोत."

फ्रीजमागे मी लावले नव्हते, ते घसरून पडले होते. पण विनीशी कोण वाद घालणार? या राज्यात एक माणूस जरी कामाला ठेवला तरी हा विमा काढावाच लागतो. माझ्या बेकरीत तर दोघं आहेत, भट्टीवर सेनाद आणि काउंटरवर ट्रेसी. माझी तक्रार नाही. ट्रेसी गेल्या वर्षी घरच्या पायऱ्यांवरून पडली, मनगट मोडलं, तेव्हा याच विम्याने तिची चूल पेटती ठेवली.

तक्ते कॉफीच्या मशीनवर लावले, संत जोसेफच्या तसबिरीशेजारी. त्या बिचाऱ्या सुताराला कधी पगारी रजा मिळाली असेल असं वाटत नाही.

९ जानेवारी

सेनाद तक्ता वाचत होता! हातात पिठाचा गोळा, मान वर, ओठ हलतायत. इतक्या वर्षांत तो तक्ता वाचणारा हा पहिलाच माणूस. लावणं कायद्याने भाग आहे, वाचणं थोडंच.

१२ जानेवारी, शुक्रवार

खुब्याच्या डॉक्टरकडे गेले एकदाची. लेकीने, रोझाल्बाने, गाडीत कोंबून नेलं, शाळेतून अर्धा दिवस सुट्टी काढून. डॉक्टरने फोटो दाखवला. हाड हाडावर घासतंय म्हणे. ते मला फोटोशिवाय माहीत होतं. खुबा बदलायचा, दुसरा उपाय नाही. आणखी वर्ष काढलं तर आधी काठी, मग चाकाची खुर्ची.

बाहेर तारखा देणारी पोरगी बसली होती. गोड आवाज, लांब नखं. "आठ एप्रिलच्या आठवड्यात जागा आहे. ऑपरेशननंतर घरी कोण असेल?"

"कोणी नाही. मी दुकानाच्या वर राहते. एकटी."

"मग तारीख पक्की करता येणार नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सोबत कोणीतरी लागतंच. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नाव कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

व्हीतो असता तर म्हटलं असतं, नवरा. पण व्हीतोला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि असता तरी त्याने मला उठवण्याऐवजी माझ्याकडूनच सूप मागितलं असतं.

  खरं लिहिते, मला भीती वाटली. ऑपरेशनची नाही. खुर्चीत बसून पोरांना हुकूम सोडणारी म्हातारी व्हायची.

१४ जानेवारी, रविवार

रोझाल्बा जेवायला. मीटबॉल चांगले झाले, भांडण त्याहून चांगलं झालं.

"मी राहते ना तुझ्याजवळ."

"तुला पगारी रजा मिळेल?"

नाही मिळणार. तिची शाळा सरकारी. तो कायदा सरकारी नोकरांना आपोआप लागू नाही, त्यांच्या संघटनेने मान्य करून घ्यावा लागतो, आणि तिच्या संघटनेने अजून केलेला नाही. बिनपगारी मिळेल. बिनपगारी रजेवर ती घराचा हप्ता कुठून भरणार? "मी काय तुझं घर विकून चालायला शिकू?" म्हटलं. ती रडली. मी तिला आणखी दोन मीटबॉल वाढले. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

मग विषय बदलायला विचारलं, तुझ्या त्या सिराक्यूजच्या दातांच्या डॉक्टरचं काय झालं? "मा, ते नोव्हेंबरातच संपलं." मला कोणी सांगितलं नाही. मला कोणी काही सांगतच नाही.

खाली पाव आणायला गेली, तासभर आलीच नाही. सेनाद भट्टी धूत होता, त्याच्याशी बोलत बसली असणार. मला सांगायचं सोडून त्याला रडगाणं सांगते.

१७ जानेवारी

एक युक्ती सुचली. इतकी वर्षं विमा भरतेय, मग मलाही त्यातून काहीतरी मिळेलच की! निदान एक मदतनीस बाई ठेवता येईल. विनीला फोन केला.

विनी बराच वेळ हसली. "अगं, तू मालकीण. पॉलिसी कामगारांची. दुकान सुरू केलंस तेव्हाच स्वतःचं नाव घालून घ्यायचं होतंस. व्हीतोला मी म्हटलं होतं. तो म्हणाला, मालक आजारी पडत नाहीत."

"आणि आता घातलं तर?"

"आता थांबायला लागेल. आणि तुझा खुबा थांबणार नाही."

म्हणजे पंगत माझी, वाढते मी, आणि पान तेवढं माझंच मांडलेलं नाही. व्हीतोच्या फोटोकडे बघून दोन शब्द बोलले. इथे लिहीत नाही.

२३ जानेवारी

पावाचा ट्रे उचलताना पाय लटपटला. ट्रे पडायच्या आत सेनादने धरला.  दुपारी बघते तर सगळे जड ट्रे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आलेत.  चांगला मुलगा आहे. चाळिशीला आला, लग्न नाही. कुठल्या बाईचं नशीब झोपलंय कोण जाणे.

३० जानेवारी, मंगळवार

वीज पडली.

दुकान बंद करताना सेनाद समोर आला. टोपी हातात. "मालकीणबाई, तुम्हाला आधी सांगायला लागतं म्हणून सांगतोय. मला ती घरच्यांसाठीची रजा हवी आहे. घरच्या माणसाचं ऑपरेशन आहे."

"कधीपासून?"

"आठ एप्रिल."

आठ एप्रिल! वर्षात इतके आठवडे आणि याला तोच मिळाला. भट्टीवर तो नसेल तर मी दवाखान्यात कशी जाऊ? सोबतीला कोणी मिळालं असतं तरी आता सगळं पाण्यात.

पण तोंडाने म्हटलं, "घे बाबा. आईची काळजी घे." त्याचं दुसरं आहे कोण? आई हाजरा, तीच. तो काहीतरी बोलायला गेला, मग नुसता लाल झाला. मी जास्त विचारलं नाही. दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसू नये.

आठ एप्रिलचा नाद सोडला. काठी घेऊन टाकू झालं.

१ फेब्रुवारी

हाजरासाठी मोठं पातेलंभर शेवया-घेवड्याचं सूप केलं, सेनादबरोबर पाठवलं. रागावलेय, पण आजारी बाईवर कसला राग? पातेलं हातात घेताना पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आईला?" म्हणाला. "मग कोणाला, राज्यपालांना?"

३ फेब्रुवारी, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

ऐन गर्दीत हाजरा दुकानात आली. स्वतःच्या पायांनी! बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ही बाई चांगला कोट घालून, कानात सोन्याचे डूल, गाल सफरचंदासारखे, तरातरा चालत आली. जाताजाता दारातला बर्फ फावड्याने ढकलून गेली. माझं फावडं!

पातेलं परत आणलं, रिकामं नाही. वर मांस भरून गुंडाळलेल्या पिटाचं वेटोळं, गरम. पोळी इतकी पातळ की खालचं कापड दिसावं. तिकडे बोस्नियात तिच्या नवऱ्याची भट्टी होती, पाव तीच भाजायची म्हणे, ते हाताला दिसतंच. शिवाय एक पुडा कॉफी आणि एक खोका साखर. माझ्याकडे कॉफी नाही असं वाटलं की काय हिला? मशीन तर डोक्यावरच होतं.

तिला इथली भाषा बेताची. "तुमची मुलगी चांगली," म्हणाली. "माझा मुलगा चांगला."

"चांगलाच आहे," मी म्हटलं. "फक्त एप्रिलात मला वाऱ्यावर सोडून जाणार आहे."

ती हसली. मी कागदी कपात कॉफी दिली, काउंटरपाशी उभ्याउभ्याच. मागे रांग लागली होती. ती जरा वेळ थांबली, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि गेली.

पिटा रांगेतल्या गिऱ्हाइकांनी पण चाखला. सगळे विचारतायत, विकायला कधी?

पण आजारी कुठे आहे ही? माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि माझ्याहून दुप्पट वेगाने चालते.

६ फेब्रुवारी

झोप उडाली माझी. विनीला फोन. "हाजरा धडधाकट आहे. मग तो रजा कोणासाठी मागतोय? मला फसवतोय का?"

विनी म्हणाली, "तू फक्त अर्जातला मालकाचा भाग भरायचा. डॉक्टरचा दाखला तो आणेल, खरंखोटं विमा कंपनी बघेल. आणि रजा मागितली म्हणून त्याला काढायचा विचार असेल तर आत्ताच सोड."

"काढतंय कोण त्याला! मला फक्त खरं हवंय."

"मग विचार त्याला. तोंड आहे ना? माझ्याशी बोलताना तर असतं."

९ फेब्रुवारी

सेनादवरचा राग बिस्किटांवर निघाला. आमची अर्धचंद्र बिस्किटं अर्धी चॉकलेटची, अर्धी पांढऱ्या साखरेची; मी चॉकलेट पांढऱ्या बाजूवर ओतलं. त्याने ती तशीच मांडली. सगळी खपली.

११ फेब्रुवारी, रविवार

रोझाल्बा जेवायला. दवाखान्याच्या पोरीचा परवा निरोप आला होता, गुरुवारपर्यंत नाव द्या नाहीतर जागा गेली. तिला म्हटलं, जाऊ दे जागा. भट्टीला माणूस नाही, घरी माणूस नाही. मग पोटातलं ओठांवर आलंच. "तुझा तो सेनाद खोटं बोलतो. त्याची आई घोड्यासारखी ठणठणीत आहे. कोणाच्या तरी नावावर फुकटची रजा काढतोय."

रोझाल्बाने काटा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. "मा, हाजरा त्या शनिवारी आली तेव्हा तू तिला काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? कॉफी दिली."

"कशात?"

"कपात. कागदाच्या. गर्दी होती."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती! अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठून माझ्या डोक्यावर ओठ टेकवले आणि खाली पळाली. पाव आणायला म्हणे. पाव टेबलावर होता.

कागदी कपात एवढं काय आहे? उद्या विचारणार. सरळ.

१२ फेब्रुवारी, सोमवार

विचारलं. पहिला पाव भट्टीतून निघाल्यावर. "आजारी कोण आहे?"

सेनादने हात पुसले. "माझी सासू."

"तुला बायको कुठे आहे?"

"मार्चअखेर होईल. संत जोसेफच्या सणाची गर्दी आटपली की, सिटी हॉलमध्ये नोंदणीने. तुम्ही हो म्हणालात तर. आई रोझाल्बाला मागणी घालायलाच आली होती. आमच्याकडे तशीच जातात, कॉफी आणि साखर घेऊन. उत्तराची वाट बघतेय अजून. तिला वाटतंय तुम्ही विचार करताय."

पिठाच्या पोत्यावर बसले मी. उठता येईना, खुब्यामुळे नाही. "आणि भट्टी?"

"तुमची रजा संपेपर्यंत आई बघेल. पिटा विकायला ठेवायची एवढीच तिची अट आहे."

"रजा तुझी आहे, माझी नाही."

"तुमच्यासाठीच आहे," म्हणाला.

दुपारी चिनीमातीचे चांगले कप काढून हाजराकडे गेले. सगळी कॉफी प्यायले, तळाच्या गाळासकट. मग तिथूनच दवाखान्याला फोन लावला. तीच लांब नखांची पोरगी, तोच प्रश्न. घरी कोण असेल?

"जावई," म्हटलं. "नाव लिहून घे."