अंगठ्याखालचं पाणी

कुळगाव,
१७ मे १९५३

प्रिय कुमुदताई,

नमस्कार. नाशिकला तुम्ही सगळी खुशाल असाल. इथे ऊन फार. आज अप्पा दोन्ही वेळा नीट जेवले, म्हणून मी लिहायला बसले.

आपण जिंकलो, ताई. म्हणजे ठाकूरवाडी जिंकली. माळावरच्या विहिरीचं कुंपण परवा निघालं. ती जागा अंबरनाथच्या एका कारखानदाराला द्यायची ठरली होती, आणि होळीनंतर मालकांनी विहीर बंद केली होती. वाडीच्या बायका पाण्याला पार नदीपर्यंत जात होत्या. मालकांचं नाव लिहीत नाही. तुला माहीत आहे.

मामलेदार चावडीत येऊन दोन्ही बाजू ऐकणार असं कळलं. मालक स्वतः वकील. वाडीकडे कोणी नाही. तेव्हा मला अथेन्स आठवलं. तिथे वकील नसत. ज्याचं त्याने लोकांपुढे उभं राहून बोलायचं. ज्याला जमत नसे तो दुसऱ्याकडून भाषण लिहून घेई आणि पाठ करून म्हणे. लढाई, कर, हद्दपारी, सगळं त्या शहरात बोलण्यावर ठरे. अप्पा हे सांगत तेव्हा तू विचारायचीस, “आणि बायका?” बायकांच्या वतीने पुरुष बोलत. तुला ते कधी पटलं नाही.

मी वाडीतल्या जिवलीसाठी भाषण लिहिलं. तिच्या सासऱ्याने, गोमाने, ती विहीर खणली होती. मी वाचून दाखवलं तर ती तोंडाला पदर लावून हसली.

“हे कोन बोलतंय, बाई? हिच्या घरी नळ असंल.”

खर्डा फाडला. मग ती बोलत गेली आणि मी नुसता क्रम लावत गेले. अथेन्सचे चांगले लेखक हेच करत. बोलणाऱ्याच्या तोंडात त्याचीच भाषा ठेवत.

सरावासाठी मडक्याला तळाशी भोक पाडलं. अथेन्समध्ये वक्त्याची वेळ अशीच मोजत. पाणी संपलं की बोलणं संपलं. मधे साक्षीदार उठला तर भोक बंद करत, कारण ती वेळ वक्त्याची नव्हे.

“येवढं पानी सांडायचं आन् पान्यासाठी भांडायचं?” म्हणत जिवलीने मडक्याखाली हंडा ठेवला. पण सराव सोडला नाही. साक्षीची जागा आली की ती भोकावर अंगठा दाबी.

परवा चावडी भरली. मालकांनी कागद दाखवले, कलमं सांगितली. सुंदर बोलले. ऐकताना मला अभिमान वाटला, तेही लिहून टाकते.

मग जिवली उभी राहिली. मामलेदार म्हणाले, “थोडक्यात सांग.” तिने थोडक्यातच सांगितलं: कातळ, सुरुंग, गोमाचा गेलेला डोळा. गोमा साक्षीला उठला तशी ती थांबली, आणि तिचा अंगठा हवेतच खाली दाबला गेला. गोमाचं संपेपर्यंत तसाच. समोर मालकांची मान वर झाली. त्यांनी आधी तो अंगठा पाहिला, मग गर्दीत मला शोधलं.

जिवलीने अंगठा उचलला.

“साहेब, मी मागाया नाय आले. आमचं हाय ते सांगाया आले.”

हे वाक्य आमच्या सरावात नव्हतं. मामलेदारांनी तिथेच हुकूम लिहिला. बायका गात माळावर निघाल्या, मीही त्यांच्यात. कुंपणाचे खांब त्यांनीच उपटले. पहिला हंडा जिवलीने माझ्या डोक्यावर ओतला. या खेपेला पाणी सांडल्याचं तिला काही वाटलं नाही.

ओल्या पातळाने घरी आले. अप्पा ओसरीवर बसले होते. चावडीतला कोट अजून अंगात होता.

“साक्षीला अंगठा दाबायचा, हे तिला कोणी शिकवलं?”

“मी.”

“आणि तुला?”

“तुम्ही. आम्ही लहान होतो तेव्हा. फुटक्या सुरईने.”

ते आत गेले. काल दिवसभर जेवले नाहीत. आज पानावर बसल्यावर म्हणाले, “शेवटचं वाक्य तुझं नव्हे.”

“नाही. जिवलीचं.”

“तरीच. तुझ्या वाक्याला मी उत्तर दिलं असतं.”

आणि भात मागितला.

मुलांना सुट्टी आहे तोवर ये. माळावरचं पाणी गोड आहे, आणि ते प्यायला कोणाला विचारावं लागत नाही.

हरलेल्या वकिलाची जिंकलेली मुलगी,
मालिनी