अडीच हातांचा दांड

नांदेड,
आश्विन शुद्ध सप्तमी, शके १८६८

चि. गोदीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा दमा पावसाबरोबर उतरला. काल तिनं स्वतः भाकरी थापली आणि माझ्या भाकरीला नावं ठेवली, म्हणजे बरी आहे असं समज.

तुझं पत्र परवा पोचलं. विशाखाचं लग्न मार्गशीर्षात ठरल्याचं वाचून आईनं देवापुढे साखर ठेवली. पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडे मग येते. आधी शाळेतलं सांगते.

यंदा दसऱ्याला शाळेच्या दाराला कापडी पोपटांचं तोरण करायचं मी ठरवलं. झेंडू दोन दिवसांत सुकतो, चिंध्यांचं तोरण वर्षानुवर्षं टिकतं. शिवाय मुलींचा शिवणाला हात बसतो. प्रत्येकीनं घरून जुन्या कपड्यांचे तुकडे आणावेत असं सांगितलं. पण कापड रेशनवर आहे, चिंधी उरते कुणाकडे? जाहिदानं शेरवानीचं अस्तर आणलं. तारामती रिकाम्या हातानं आली. म्हणाली, "बाई, फाटकं लई हाय आमच्या घरी, पन ते समदं अंगावरच हाय." मुली हसल्या. मलाही हसू आलं आणि मग लाज वाटली.

जमलं ते सगळं मळकं, करडं. करड्या कापडाचे पोपट कसे करायचे? म्हणून मी घरून एक जुनं पातळ नेलं. शाळेसमोर खाजामियाँ शिंपी बसतात, ते कातरून देणार होते. त्यांनी घडी उलगडली.

"बाई, तुम्ही चिंध्या म्हणाला होता. ये तो पुरी साडी है."

"घडीवर कसर लागून भोकं पडलीत, मियाँ."

"बोटभर लागली. रफू करून देतो की. किसकी है?"

"बहिणीची. ती नेसत नाही आता."

"पूछे क्या उनको?"

मी म्हटलं, "तुम्ही कापा हो."

त्यांनी कापलं नाही. कात्री माझ्याकडे सरकवली आणि काजं करायला घेतली. मी कापलं. कसर बोटभर होती, मी अधलंमधलं अडीच हात काढलं. चौदा पोपट झाले.

तुझी डाळिंबी इरकल, गोदी.

त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिलं आहे, "तोरणासाठी जुनं पातळ वापरलं." तुझं पत्र आल्यावर ते पुन्हा वाचलं. "जुनं" खोडून "गोदीचं" केलं. पण खोडल्यानं काय होतं? तू लिहितेस, विशाखा हटून बसली आहे, आई माझ्या लग्नात पांढऱ्यात उभी राहणार नाही. आणि तुझंही मन झालं आहे, तर ताई, डाळिंबी पाठव. चौदा वर्षांनी तू काही मागितलंस. तुझं पत्र येण्याआधी आठच दिवस मी ती कापून बसले होते.

तुला यजमानांचा तेरावा दिवस आठवत असेल. बायका तुझी रंगीत पातळं ट्रंकेतून काढत होत्या, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी पुण्याहून बी. ए. होऊन आलेली; माझं कदाचित ऐकलंही असतं. मी घड्या घालत राहिले. डाळिंबी तेवढी "मी जपते" म्हणून घेऊन आले आणि तेवढ्यावर स्वतःला वेगळी समजत आले. त्यांनी तुला विचारलं नव्हतं. मीही नाही विचारलं.

एक पोपट उसवून पाहिला. त्यांचं परत पातळ होत नाही. तोरण बांधू देते. मुलींचा त्यात काय दोष?

खाजामियाँ म्हणतात, दोन्ही तुकडे जोडून दांड घालता येईल. पदर आणि काठ शाबूत आहेत. पण अडीच हात कमी पडतील, आणि तू उंच. माझं जांभळं पातळ तितकंच जुनं आणि तसंच जाड आहे. त्यातले अडीच हात मध्ये घातले तर लांबी पुरी होते. जोड निऱ्यांत जाईल असं ते म्हणतात. चालताना जांभळं दिसेलच, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. चालेल का? की नवं बघू? की मला काही करूच द्यायचं नाही?

तुझे दीर, वसंतराव भावजी, तू रंगीत नेसलीस म्हणून बोलतील. त्यांना मी आधी लिहू, की लग्नात समोर सांगू, हेही तूच ठरव. या वेळी मी घड्या घालणार नाही.

आणि पाकिटावर आज नावाआधी विधवेचं गं. भा. लिहिलं नाही. नुसतं तुझं नाव लिहिलं आहे. आवडलं नाही तर तेही कळव.

जांभळं पातळ खाजामियाँकडे नेऊन ठेवलं आहे, अखंड. तुझं उत्तर येईपर्यंत त्याला कात्री लावायची नाही असं सांगितलंय. ते म्हणाले, "अब ठीक बोले बाई."

तुझ्या होकाराची किंवा नकाराची वाट पाहणारी,
ताई